नवं हँडल, तरी गाडी वाकडी: पोळ्याच्या दिवशीचं एक प्रकरण

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी फोन आला. "मामा, गाडी पडली. मला काय झालं न्हाई, गुडघा सोललाय नुसता. पण हँडल वाकडं झालंय. उद्या मीच बदलू का?"

पोरगा केज तालुक्यातल्या एका खेड्यातला, एकोणीस वर्षांचा. घरच्या आणि शेजारच्या म्हशींचं दूध रोज पहाटे संकलन केंद्रावर घालतो. गाडी वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतलेली स्प्लेंडर. माझं गॅरेज केज-अंबाजोगाई रस्त्यावर आहे आणि ही गाडी घेतल्यापासून माझ्याच हाताखालून जाते. त्या दिवशी मात्र मी सणासाठी माझ्या गावी होतो, गॅरेजला कुलूप होतं. आसपासचे दुसरे मिस्त्रीही पोळ्याला बैलांच्या मागं. दूध काही सण बघत नाही, ते परवा पहाटे पुन्हा केंद्रावर पोचायलाच हवं. म्हणून मी म्हणालो, "बदल. मी फोनवर सांगत जातो."

पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते इथं सविस्तर लिहितोय. पोरानं त्याआधी गाडीला पान्यानं हात लावला होता तो चेन ओढण्यापुरता आणि प्लग साफ करण्यापुरता. त्याचं काम वाईट झालं नाही. सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक माझी होती, आणि ती मी त्या पहिल्या फोनवरच केली. मी त्याला विचारलं, "हँडल कुठून वाकलंय?" विचारायला हवं होतं ते हे, की हँडल सरळ धरल्यावर चाक कुठं बघतंय.

गाडी कशी पडली

आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. माती आधी टायरला चिकटते, मग मडगार्डच्या आत थर धरते. दहा-वीस पावलांत पुढचं चाक फिरायचंच थांबतं आणि नुसतं घासत पुढं सरकतं. पोरगा शेतातून रस्त्याकडं येत होता. पुढचं चाक चिखलानं जाम झालं, गाडी डावीकडं कलली आणि हँडलचं डावं टोक बांधाच्या दगडावर बसलं. वेग जवळजवळ नव्हताच, म्हणून पोरगा बचावला.

पण गाडीच्या दृष्टीनं असं हळू पडणंच फसवं असतं. वेगात पडलेली गाडी घसरत जाते, तिचा जोर रस्त्यावर वाटला जातो. इथं चाक चिखलानं धरून ठेवलं होतं आणि वरून गाडीचं सगळं वजन हँडलच्या एका टोकावर आलं होतं. खाली चाक गच्च, वर हँडलचा दांडा फिरतोय. ओला कपडा पिळताना दोन टोकं उलट्या बाजूंना फिरवतो, तसा पीळ दोन्हींच्या मधल्या भागाला बसणारच. तो मधला भाग म्हणजे पुढच्या दोन्ही शॉकअपना आडवे धरणारे दोन जोड, वरची टी आणि खालची टी, आणि त्या दोन्हींतून गेलेले शॉकअपचे रॉड. फोनवर पोरानं पडण्याची सगळी हकिगत नीट सांगितली होती. त्यातला "चाक जाम झालं होतं" हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक माप घेतलं. युक्ती त्याची स्वतःची, आणि चांगली. पुढचं चाक सरळ करून सीटच्या मधल्या शिवणीपासून हँडलच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी लावली. डावं टोक उजव्यापेक्षा चार बोटं मागं आलेलं. त्यानं ठरवलं, हँडल चार बोटं वाकलंय. मीही तेच मानलं.

या मापात गल्लत अशी होती की त्यात दोन गोष्टी एकत्र मोजल्या गेल्या. दांडा स्वतः किती वाकला ही एक, आणि ज्या टीवर तो बसतो ती टी चाकाच्या मानानं किती फिरली ही दुसरी. नुसता दांडा बघायचा तर माप टीपासून घ्यायचं. टीच्या मधोमध जो मोठा नट असतो तिथून दोन्ही टोकांपर्यंत सुतळी धरली की चाकाचा संबंधच उरत नाही. तसं मोजलं असतं तर फरक दोनच बोटं निघाला असता आणि उरलेली दोन बोटं कुठं गेली, हा प्रश्न त्याच सकाळी पडला असता.

पोळ्याची दुपार

गावातला एकजण सकाळी सणाच्या बाजाराला अंबाजोगाईला निघाला होता. त्याच्याकडून हँडल, दोन ग्रिप आणि क्लचचं लिव्हर मागवलं. जुन्या लिव्हरचं फक्त टोक वाकलं होतं, कारण त्याची पकड दांड्यावर फार आवळलेली नव्हती आणि पडताना ती फिरली. लिव्हरची पकड मी नेहमी अशीच ठेवतो, हातानं जोर लावला तर जेमतेम फिरेल इतपत. दगडासारखी आवळली की पडताना लिव्हर मुळातून तुटतं.

दुपारी बैलांना अंघोळ घालून झाल्यावर पोरानं काम काढलं. आईनं टाकीवर टाकायला जुनी वाकळ दिली. हे मी मुद्दाम सांगितलं होतं. हँडल सुटलं की टीच्या आसपास लोंबतं, आणि टाकीवर पडलेला पोचा मग वर्षानुवर्षं डोळ्यांपुढं राहतो.

सोडण्याचा भाग सोपा, तो भराभर सांगतो. आधी आरसे. मग उजवीकडच्या स्विचचे दोन स्क्रू काढून त्याचे दोन्ही भाग उघडायचे, ॲक्सिलेटरच्या केबलच्या टोकाची गोळी मुठीच्या खाचेतून काढायची, मूठ ओढून घ्यायची. ब्रेकचं लिव्हर पकडीसकट सोडायचं. पुढचा ब्रेक ड्रमचा, म्हणजे केबलवर चालणारा, त्यामुळं तिथं तेलाची काही भानगड नव्हती. डावीकडं ग्रिप, स्विच, क्लचची पकड. स्विच वायरवर लोंबकळत ठेवायचे नाहीत, सुतळीनं हेडलाइटला बांधून ठेवायचे. शेवटी मधल्या दोन क्लॅम्पचे चार बोल्ट 12 च्या पान्यानं काढले की दांडा हातात येतो. पोराला हे सगळं करायला तासभर लागला. पहिल्यांदा करणाऱ्याला तेवढा लागायलाच पाहिजे.

पुढं डिस्क ब्रेक असलेल्या गाडीवर हेच काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथं ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी लिव्हरला जोडलेली असते. ती उभीच ठेवून बाजूला बांधायची. आडवी किंवा उलटी झाली तर नळीत हवा शिरू शकते, आणि मग लिव्हर दाबलं तरी ब्रेक पोकळ लागतो. ते तेल रंगही खातं, म्हणून टाकीवर कापड तिथंही हवंच.

सोडण्याआधी फोटो काढून ठेव, असं मी म्हणालो होतो. त्यानं एकच काढला, सीटवर बसून. त्यात दांडा, मीटर, स्विच सगळं दिसत होतं. हेडलाइटच्या मागं केबली एकमेकींच्या वरून-खालून कशा जातात ते मात्र दिसत नव्हतं. त्या एका न काढलेल्या फोटोनं पुढं दीड तास खाल्ला.

आता नवा दांडा. मी त्याला सांगितलं, बसवण्याआधी जुन्याची उजवी बाजू शाबूत आहे, तिच्यावर नव्याची उजवी बाजू ठेवून बघ. थोड्या वेळानं फोन आला. "मामा, नवं दोन बोटं उंच हाय. आन् स्विचच्या खुंटीसाठी भोकच न्हाई."

म्हणजे दुकानातून "चालतंय" म्हणून दुसऱ्याच मॉडेलचा दांडा दिला होता. जाडी सारखी, 22 मिलिमीटर, म्हणून क्लॅम्पमध्ये बसत होता. परत करायला दुपारनंतर दुकान उघडं नव्हतं. माझ्यापुढं दोन रस्ते होते. थांब म्हणावं, किंवा केबली पुरत असतील तर याच्यावरच भागवावं. मी दुसरा रस्ता धरला, पण अट घातली की दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली गेली नाही तरच गाडी रस्त्यावर काढायची.

खुंटीचं जरा खोलात सांगतो, कारण नवशिके इथं हमखास फसतात. स्विचच्या आतल्या बाजूला बारीक खुंटी असते, ती दांड्याच्या भोकात बसते आणि त्यामुळं स्विच जागेवर राहतो. भोक नसेल तर स्विचचे दोन भाग नीट मिटत नाहीत. मग काहीजण स्क्रू जोरानं आवळतात आणि प्लॅस्टिकला तडा जातो. काहीजण खुंटीच कापतात. मग काही दिवसांत स्विच मुठीबरोबर फिरायला लागतो, आणि उजवीकडं तो ॲक्सिलेटरच्या केबलीलाही ओढतो. दोन्ही चूक. स्विच हवा तिथं धरून खुणा करायच्या, खुंटीच्या मापाचं भोक पाडायचं, कडा कानशीनं घासून घ्यायची. दांड्याच्या टोकाकडं बारीक भोक चालतं, कारण दांड्यावरचा वाकवणारा जोर क्लॅम्पजवळ सगळ्यात जास्त असतो आणि टोकाकडं कमी कमी होत जातो. म्हणूनच क्लॅम्पच्या आसपास कधीही भोक पाडायचं नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं ड्रिल होतं. बैल मारुतीला जाऊन येईपर्यंत तो मोकळा होता, त्यानं भोक पाडून दिलं.

क्लॅम्प आवळण्याची रीत मी वाळूजला शिकलो. गॅरेज टाकण्याआधी मी तिथल्या एमआयडीसीत कंत्राटावर होतो. बजाजचा कारखाना तिथं 1985 पासून आहे आणि त्याच्या अवतीभोवती सुटे भाग बनवणारी कितीतरी शेडं उभी राहिली, त्यातल्या एकात. तिथं पहिल्यांदा टॉर्क पाना हातात आला आणि कळलं की "चांगलं टाइट" हे माप नसतं. हँडलच्या क्लॅम्पचे 8 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटरला आवळतात. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत बघावा. पोराकडं टॉर्क पाना नव्हता, म्हणून त्याला असं सांगितलं: बोल्टपासून 15 सेंटिमीटरवर पाना धर आणि 15 किलोचं ओझं उचलताना लागतो तेवढा जोर दे, उडी मारू नको. हे अंदाजाचं काम, पण त्याला रोज कॅन उचलून किलोचा अंदाज पक्का होता. बोल्टवर पाय देऊन आवळणारे मी पाहिलेत. क्लॅम्पच्या खालच्या बैठकीतले आटे गेले की त्या दांड्याचा भरवसा संपतो.

क्रमही महत्त्वाचा. होंडाच्या घडणीतून आलेल्या या गाड्यांत, स्प्लेंडर 1994 साली हिरो होंडाच्या नावानं आली त्यांतलीच, दांड्यावर एक बारीक ठिपका ठोकलेला असतो. तो खालच्या बैठकीच्या वरच्या कडेशी जुळवायचा. मग आधी पुढचे दोन बोल्ट पूर्ण आवळायचे, नंतर मागचे. चारही थोडे-थोडे आवळून पुढं-मागं सारखी फट ठेवायची रीत दुसऱ्या काही गाड्यांत असते, इथं नाही. या दांड्याला ठिपकाही नव्हता. म्हणून बोल्ट हातानं लावून पोराला गाडीवर बसवलं, डोळे मिटून हात पुढं करायला लावले, मनगट जिथं सरळ राहतं तिथं दांडा धरला. लिव्हरही तसंच. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ राहिली पाहिजे. लिव्हर फार वर असलं तर केंद्रावर पोचेपर्यंत मनगट दुखायला लागतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळं जागेवर बसलं. क्लचचं लिव्हर टोकाशी दीड सेंटिमीटर सैल, मूठ दोन-तीन मिलिमीटर सैल. दोन्ही ठीक. मी म्हणालो, आता डबल स्टँडवर चालू कर, न्यूट्रलमध्ये, आणि हँडल सावकाश डावीकडं टेकेपर्यंत वळव. मग उजवीकडं.

फोन त्यानं स्पीकरवर गाडीशेजारी ठेवला होता. मला ऐकू आलं. उजवीकडं वळवलं तेव्हा इंजिनाचा आवाज जसाच्या तसा. डावीकडं वळवायला लागला आणि रेस चढत गेली. मुठीला हात नव्हता.

या चाचणीसाठी मी हटून बसलो होतो. संकलन केंद्राच्या दारात गाडी वळवायला जागा थोडी असते, हँडल पूर्ण वळवावं लागतं. मागं दोन कॅन, 20-20 लिटरचे. 40 लिटर दुधाचं वजनच 41 किलोच्या आसपास, त्यात कॅन वेगळे. क्लच अर्धा सोडलेला, पाय जमिनीच्या शोधात, आणि नेमक्या त्या क्षणाला गाडी आपणहून पुढं झेप घेते. सरळ रस्त्यावर हा दोष कधीच कळत नाही.

कारण शोधायला दीड तास गेला तो त्या फोटोमुळं. परत बसवताना ॲक्सिलेटरची केबल त्यानं टीच्या पुढच्या कडीतून न नेता हेडलाइटच्या वायरींच्या पुढून नेली होती. त्यामुळं वळसा मोठा झाला. वर दांडा दोन बोटं उंच. दोन्ही मिळून जेवढी सैल होती तेवढी संपली. व्हिडिओ कॉलवर बॅटरीच्या उजेडात मी एकेक वायर ओळखत गेलो, त्यानं केबल पुन्हा कडीतून घेतली. मग रेस दोन्हीकडं स्थिर. वळवून टेकवल्यावरही मुठीत दोन मिलिमीटर सैल शिल्लक. क्लचही तसाच बघितला आणि हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट दोन्ही टोकांना वळवून तपासले, कारण वायर ताणली असेल तर ती तिथंच तुटते.

"नवं पण वाकडंच निघालं"

पोळा फुटून गेला होता. पोरगा गाडी घेऊन वेशीपर्यंत जाऊन आला, रिकामी, हळू. फोन आला तो पडलेल्या आवाजात.

"मामा, नवं पण वाकडंच निघालं. गाडी सरळ चाललीय आन् हँडल डावीकडं बघायलंय."

मी विचारलं, किती? म्हणाला, दोन बोटं.

तिथं मला आदल्या रात्रीचं "चाक जाम झालं होतं" आठवलं. नवा दांडा सरळ होता, तो जिथं बसलाय ती जागाच फिरलेली. दिवसभर आम्ही दोघांनी मिळून खरं दुखणं तसंच ठेवून त्याच्यावर नवा भाग चढवला होता. दांडा खरोखर वाकला होता, त्यामुळं खर्च फुकट गेला नाही. पण क्रम उलटा झाला. आधी शॉकअप बघितले असते तर गाडी एकदाच उघडावी लागली असती. शिवाय एक भीती राहिलीच होती: रॉड स्वतः वाकला असेल तर?

घरातल्या घरात हे कळायला एक सोपी चाचणी आहे. सपाट काच लागते. त्याच्या घरात हातात धरायचा चौकोनी आरसा होता, त्याची चौकट काढली. खालच्या टीच्या लगेच खाली दोन्ही रॉडचा चकचकीत भाग उघडा दिसतो. तो पुसून काच समोरून दोन्ही रॉडवर आडवी टेकवायची. रॉड एकमेकांना समांतर असतील तर काच दोन्हींवर वरपासून खालपर्यंत सपाट बसते. पीळ असेल तर एक कोपरा उचललेला राहतो आणि बोटानं दाबला की काच डुलते. घाईत काच हाताला लागू नये म्हणून कडांना कापड गुंडाळायला सांगितलं.

"डुलायलीय," तो म्हणाला. "वरचा डावा कोपरा."

इथं मी त्याला थांबवलं. त्याला पुढं जायचं होतं, पाने हातात होते, दिवसभराच्या कामानं धीर आला होता. पण अंधार पडलेला. टीचा मधला नट सोडायचा होता, त्याच्या खालीच कोनसेटची, म्हणजे हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरतं त्या बेअरिंगची, चकती असते, आणि तिला चुकून धक्का लागला तर छर्रे सैल होतात. रॉड वाकलाय की नुसता फिरलाय हेही फोनवरून कळणार नव्हतं. दांडा बदलणं नवशिक्यानं शिकून करावं असंच काम आहे, मी ते कुणालाही शिकवीन. शॉकअपचा पीळ काढणं त्यानं पहिल्या वेळी एकट्यानं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. "दूध उद्या चुलत्याच्या गाडीवर जाऊ दे," मी म्हणालो, "आन् तू सकाळी गॅरेजवर ये. रिकामा ये, तिसाच्या वर नेऊ नको."

गॅरेजवर

तो आला तो डाव्या हाताचा पंजा चोळतच. वाटेत डावी ग्रिप दांड्यावर गोल फिरत होती. नवी ग्रिप सहज चढेना म्हणून त्यानं आतून इंजिन ऑइल लावलं होतं. चढताना मजेत चढली, पण तेल वाळत नाही. उजव्या मुठीनं फिरायचंच असतं. डाव्या ग्रिपनं कधीच फिरू नये, कारण खड्ड्यात गाडी धरून ठेवायला डावीकडं तेवढाच आधार असतो. तेलाचं मला सुचलं नव्हतं, म्हणून मी त्याला आधी बजावलंही नव्हतं. ग्रिप काढली, दांडा आणि ग्रिपची आतली बाजू पेट्रोलनं पुसली, पूर्ण वाळू दिली, मग ग्रिपच्या डिंकानं बसवली. डिंक नसेल तर साबणाचं अगदी पातळ पाणी चालतं, मात्र ते रात्रभर वाळू द्यावं लागतं.

मग शॉकअप. पुढचं चाक उचलून आधी ॲक्सलचा नट सैल केला, मडगार्डचे बोल्ट सैल केले, खालच्या टीचे दोन्ही बोल्ट सोडले, वरचे दोन आणि मधला मोठा नट जेमतेम ढिले. प्रत्येक रॉड त्याच्या जागी हातानं गोल फिरवून बघितला. वाकलेला रॉड फिरताना पाण्यात तरंगणाऱ्या काडीसारखा डोलतो. हे दोन्ही सरळ फिरले. माझा जीव भांड्यात पडला, पोराचाही.

चाक जमिनीवर टेकवून त्याला समोर उभं केलं, चाक दोन्ही गुडघ्यांत धरायला लावलं आणि हँडल त्याच्याच हातानं वळवून घेतलं. जोर लावायचा, झटका द्यायचा नाही. दोन बोटांचा फरक एका सावकाश ढकलीत निघून गेला. पुन्हा काच लावली. चारही कोपरे टेकले. मधला नट, खालचे बोल्ट, वरचे बोल्ट, मडगार्ड या क्रमानं आवळले. पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा दाबली, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय आपल्या जागी बसतात, आणि सगळ्यात शेवटी ॲक्सल. सगळं मिळून पाऊण तास.

चाक पुन्हा उचलून हँडल एका बोटानं वळवलं तर मधोमध जरा अडकल्यासारखं लागत होतं. कोनसेटच्या वाटीत छर्ऱ्यांनी खळगे पाडल्याची ही खूण. ते या पडण्यानं झालेलं नव्हतं, जुनं होतं. ओझ्याच्या गाडीत हे लवकर होतं असा माझा अनुभव आहे. मागं वजन असलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडलचा प्रत्येक अडथळा हाताला जास्त जाणवतो. ते काम दिवाळीनंतर करायचं ठरलं.

उंच दांडा ठेवायचा की बदलायचा, हे मी त्याच्यावर सोडलं. माझं मन मूळ मापाच्या दांड्याकडं होतं, कारण केबलींना मूळ मापातच मोकळीक राहते. तो म्हणाला, पाठीला बरं वाटतंय. केबली दोन्ही टोकांना तपासून झाल्या होत्या, म्हणून मी आग्रह धरला नाही.

पंधरा दिवसांनी तो परत आला, न बोलावता. क्लॅम्पचे चार बोल्ट त्यानं स्वतः तपासले होते, मागचा एक थोडा सैल झाला होता, तो आवळला होता. सोबत त्याच्या वस्तीवरचा एक मित्र होता, दोन दिवसांपूर्वी तसाच चिखलात पडलेला. त्या मित्राच्या गाडीचं हँडल वाकडं दिसत होतं. पोरानं पिशवीतून कापडात गुंडाळलेला तोच आरसा काढला आणि मी पाना उचलायच्या आधी गाडीसमोर गुडघ्यावर बसला.